‘तागडी’चा एकनिष्ठ प्रेक्षक

४ मार्च, सकाळ.
‘तागडी’ बंद! एकतीस भागांत गाशा गुंडाळला. वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाची इतकी संयत मालिका पुन्हा होणे नाही. कारण काय, तर टीआरपी नाही. लोकांची लायकीच नाही. लढायचं ठरवलं.

५ मार्च.
माझ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. आमच्या टीव्हीला टीआरपी मोजायची पेटी लावलीय. माणशी एक बटण, बघायला बसलं की दाबायचं. एक नंबर माझा, दोन नंबर हिचा. आमच्या एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधतात. पेटीबद्दल कुणाला सांगायचं नाही अशी अट आहे. ऑफिसात मी फक्त अकरा जणांना सांगितलंय. रोज साडेसातला बटण दाबून खुर्चीत बसायचो. हिला तर बजावूनच ठेवलं होतं, बटणांना हात लावायचा नाही म्हणून.

९ मार्च.
चॅनेलला पत्र लिहिलं. पंधरा पानं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “जाऊ दे ना, संपली ती.” कलेच्या बाबतीत ही कोरडीच.

१२ मार्च.
लंच टाइममध्ये ‘अकाली बंद मालिका रसिक मंडळ’ स्थापन. अध्यक्ष मी. टायपिस्टबाईंनी विचारलं, खोट्या वजनांचा कारखाना शेवटी कुणाचा निघाला? म्हटलं, थोर कलाकृतीत असल्या गोष्टी गौण असतात. डोळे मिटून बघायची माझी पद्धत आहे. त्यात तपशील निसटतात.

१६ मार्च.
चॅनेलचं उत्तर नाही. पुरावाच देतो. पुढच्या रविवारी पेटीवाला तपासणीला येतोय. मंडळालाही घरी बोलावलंय, साक्षीला. ही म्हणाली, “चारचौघांत कशाला?” म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला.

२३ मार्च, रविवार.
पेटीवाला नोंदी दाखवायला तयार नव्हता. दोन कप चहा पाजला, तेव्हा वाचल्या. बटण एक, साडेसात ते सात अडतीस, ‘तागडी’. सात अडतीसपासून ‘सुनेचा सूड’. एकतीसच्या एकतीस दिवस! वर म्हणतो, “काका, ‘सुनेचा सूड’ला तुमच्याइतका पक्का पुरुष प्रेक्षक नाही आमच्याकडे.” टायपिस्टबाई खोकल्या. हिला जाब विचारला. म्हणाली, “आठव्या मिनिटाला घोरायला लागता. मग मी रिमोटने चॅनेल बदलते. पेटीच्या बटणाला हात लावायचा नाही हे तुम्हीच सांगितलंत ना!”
म्हणजे ‘तागडी’ मी मारली. हजारो घरांच्या वतीने, झोपेत. फार वाईट वाटलं. मंडळ मात्र मजेत घरी गेलं.

२५ मार्च.
पेटी काढून नेली. गुप्ततेचा भंग.

२६ मार्च, रात्री आठ.
झोप येईना, म्हणून हिच्याशेजारी बसलो. ‘सुनेचा सूड’ अख्खा पाहिला. सून निर्दोष आहे. दागिने मोठ्या दिराने लांबवलेत, मी पैज लावतो.
ही म्हणाली, हल्ली या मालिकेचाही टीआरपी घसरलाय, बंद करणार म्हणतात.
आणि माझं बटण गेलंय.