ओट्यावरचे चौकोन

नाना, तुमच्या डब्याचं सॉफ्टवेअर मी बदललं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे भुवया वर करून "कोणाला विचारून?" हे तुमचं एकदाचं म्हणून होईल. मायला विचारून बदललं. तिनं आधी नाहीच म्हटलं, मग गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डबा अजून तिथेच आहे, धान्याच्या कोठीवरच्या फळीवर, वर तिनं विणलेला रुमाल. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, डीव्हीआर, असं त्याला जग म्हणतं. आपल्या घरात त्याला डब्यापलीकडे नाव मिळालं नाही. तुम्हाला जाऊन आता बारा-तेरा वर्षं होतील. एवढ्या काळात त्याची हार्ड डिस्क बदलली, पंखा बदलला, पण आत तुम्ही जे करून ठेवलंत त्याला कुणी हात लावला नव्हता. जळगावला कॅमेऱ्याच्या दुकानातल्या पोरांना मी आतला फोटो दाखवला तर ती हसायलाच लागली. "काका, याचा बझर कुठंय?" म्हटलं, माझ्या वडिलांनी काढला. आईला ऐकू येत नाही.

त्यांना एवढंच सांगितलं. बाकीचं कुठून सांगणार? मुदतीच्या तापात मायचे कान गेले तेव्हा मी पाळण्यात होतो, म्हणजे माझं रडणंही तिनं कानांनी फार थोडंच ऐकलं. मोठे झालो तसे अक्का आणि मी तिचे कान झालो. दारी कोण आलं, दूधवाला काय म्हणतो, कुकरची शिटी झाली की नाही, सगळं आम्ही हातवारे करून सांगायचो. मग अक्का लग्न होऊन धुळ्याला गेली, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी धरून जळगावला राहिलो, तुम्ही दिवसभर चोपड्याच्या स्टँडजवळच्या तुमच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात, आणि घरात माय एकटी. त्या मे महिन्यात धुळ्याची मामी आली होती, आठवतं? भर दुपारी गेटाशी उभी राहून हाका मारून मारून घसा कोरडा केला बाईनं, आणि तशीच पुढच्या एसटीनं परत गेली. सख्खी भावजय! नणंद घरात असून दार उघडत नाही म्हणून वर्षभर तोंड फुगवून बसली. तुम्ही आधी बेलला बल्ब जोडून पाहिला. दाबलं की स्वयंपाकघरात लाल उजेड. पण आपल्या गल्लीत बेल दाबतं कोण! लांबून "ए माय, शे का घरमा?" अशी आरोळी द्यायची, उत्तर नाही आलं की निघून जायचं. बेल दाबायची म्हणजे काय आपण वसुलीला आलो का, असं लोकांचं. तुम्ही चिडून म्हणालात, "गल्लीला बेल शिकवण्यात माझा जन्म जाईल. मीच काहीतरी करतो."

आणि केलंत. जळगावच्या एका सराफानं भंगारात काढलेला हा डबा कॅमेऱ्यासकट आणलात. गेटाशी काही हललं की तो आतून टूं टूं वाजायचा. ते वाजणारं बोंडूक तुम्ही उपसून काढलंत, त्याच्या जागी दोन वायरी बाहेर घेतल्यात, मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारी कळ टाकलात, आणि एक बल्ब गॅसच्या वर, दुसरा देव्हाऱ्याजवळ. आता कुणी बेल दाबो न दाबो, हाक मारो न मारो, गेटात पाय पडला की मायचा बल्ब पेटायचा. पहिल्या दिवशी तुम्ही मला गेटातून आत-बाहेर नाचवलंत आणि माय आतून दर वेळी पदराला हात पुसत बाहेर येऊन हसत होती. इतकी हसताना मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. पुढे नेट आलं, तेव्हा माझ्या आणि अक्काच्या मोबाइलवरही आपलं अंगण दिसायला लागलं. तुम्ही गेल्यावर अक्का आणि मी तिला आमच्याकडे चल म्हणून मागे लागलो तेव्हा तिनं इथून हलणार नाही म्हणून त्या बल्बाकडेच बोट दाखवलं होतं. "माले समजस कोन उनं ते. मी आठेच ऱ्हासू."

हे सगळं नीट चाललेलं, आणि दिवाळीच्या आधी मोबाइलवरचं अंगण गेलं. जुन्या सॉफ्टवेअरचे डबे आता मोबाइलवर दिसणार नाहीत, नवीन टाका, असा निरोप फक्त. भाऊबीजेला अक्कानं विषय काढला. ती म्हणाली, "इतके दिवस ती दिसायची म्हणून मी झोपत होते. आता पडली-झडली तर? एक तर डबा सुरू कर, नाहीतर संक्रांतीपर्यंत मी तिला धुळ्याला घेऊन जाते." वाईट ती नाही, नाना. तिच्या जागी असतो तर मी पण तेच बोललो असतो. पण मायला धुळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर कल्पून बघा. दारावरून जाणारा कापूस बघायचा नाही, केळीचा ट्रक बघायचा नाही, गॅसवर बल्ब नाही, आणि दार उघडायला कायम दुसरं कुणीतरी. दुकानातली पोरं म्हणाली, नवीन डबा घ्या, मोबाइलवर नोटिफिकेशन येतं. मायचा मोबाइल पापडाच्या डब्यात असतो! आणि जुन्यात नवीन सॉफ्टवेअर टाकलं तर तुमची जोडणी चालेल की बंद पडेल, हे कुणी छातीठोक सांगेना. म्हणजे मधल्या मधे बल्बही गेला असता आणि मायचं घरही.

म्हणून एका रविवारी पेन ड्राइव्ह खिशात घालून सकाळच्या एसटीनं गेलो. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. मी फळीवरून डबा खाली घेतला तशी तिनं तवा उतरवला आणि पिठाच्या हातानंच समोर येऊन बसली. "हात नको लावू," म्हणाली. मी खुणा करून समजावलं, मोबाइलवर दिसायला हवं, अक्का ऐकत नाही. मग ती तसं गप्प बसली. मी झाकण उघडलं आणि काय सांगू, तुमचं काम बघून पोट भरलं. वायरींना आतल्या अंगानं गाठ मारलेली, बाहेरून कुणी ओढली तरी सोल्डरच्या डागाला धक्का लागू नये म्हणून. दुकानात मी शाळा सुटल्यावर बसायचो तेव्हा पेचकस हातात घेतला की तुमचा आवाज चढायचा. "आधी बघ! जसं आहे तसं डोळ्यांत भर. मोडायला काय, कुणालाही येतं." त्या वेळी भारी राग यायचा. पण त्या दिवशी तुमच्याच धाकानं मी पेन ड्राइव्ह लावायच्या आधी टीव्हीच्या पडद्यावर डब्याची एकेक सेटिंग उघडली आणि मोबाइलमध्ये फोटो काढत गेलो. नसते काढले तर आज माय धुळ्याला असती. ही विद्या तुमची, माझी काही नाही.

असे फोटो काढत काढत त्या जाळीपाशी आलो. कॅमेऱ्याच्या चित्रावर चौकोनांची जाळी येते, आणि ज्या चौकोनांवर खूण केली तिथे काही हललं तरच बल्ब पेटतो. तुम्ही गेटाचे चौकोन भरलेले, रस्ता सोडलेला, शेजारच्यांचा लिंब सोडलेला, सगळं बरोबर. पण गेटापासून लांब, घरापुढच्या ओट्यावर, भिंतीच्या कडेला चार-पाच चौकोन वेगळेच भरलेले होते. तिथून कुणी येत नाही, जात नाही. मला वाटलं चुकून झालं असेल. पण तुम्ही आणि चुकून? मी मायला पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "तठे त्यासनी खाट व्हती." तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात उन्हाला टाकलेली खाट. "खाट बाहेर टाकाना आधीच तुना बापनी करी ठेयेल व्हतं." उठून येणं होणार नाही हे तुम्हाला आधीच कळलं होतं, आणि हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून तुम्ही खाटेच्या उशाशी हे चौकोन भरून ठेवलेत. तुम्ही हात वर करायचा, आत बल्ब क्षणभरच पेटायचा, त्यावरून ओळखून माय यायची. मी तेव्हा दर रविवारी येत होतो, नाना. पायरीवर बसून मी हे किती वेळा पाहिलं. तुम्ही नुसता हात उचलायचात आणि ही आतून पाणी घेऊन हजर. मी घरी जाऊन तुमच्या सुनेला सांगायचो, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मनातलं मनाला कळतं बघ, बोलावंसुद्धा लागत नाही. गाढव मी! तारा जोडून ठेवल्या होत्या तुम्ही. दोन माणसांपैकी एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला उठता येत नाही, तरी कुणाचं पाणी अडलं नाही. त्या दिवशी मायसमोर मला रडू आलं आणि तिनं पिठाचाच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

मग सॉफ्टवेअर टाकलं. पट्टी पुढे सरकत असताना लाइट गेली की डबा मेला, म्हणून शेजारच्या आबांचा इन्व्हर्टर मागून आणला होता. ते आबा इन्व्हर्टरच्या काळजीनं सोबत येऊन बसले. लाइट गेली नाही. डबा बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि बल्ब पेटला. माय धावत गेटाशी गेली. कुणी नाही. परत आली तर पुन्हा पेटला. पुन्हा गेली. "कोनीच नही!" आबा म्हणाले, "भूत उनं वाटते." मी हसलो, पण माय हसली नाही. तिसऱ्यांदा पेटला तेव्हा ती उठलीच नाही. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, आणि आत जाऊन कपाटातल्या साड्या खाली काढून त्यांच्या घड्या घालायला लागली. धुळ्याला न्यायच्या साड्या.   मी सोबत आणलेला ब्रेड-बिस्किटाचा पुडाही तसाच राहिला, बसलो पडद्यासमोर.

नवीन सॉफ्टवेअर नेट गेलं तरी वाजतं, डिस्क ओळखली नाही तरी वाजतं, पासवर्ड चुकला तरी वाजतं, आणि ते वाजणं सगळं तुमच्या दोन वायरींवरून बल्बाकडे. एकेक बंद करत गेलो. तुमच्या जुन्या सेटिंगचे फोटो बघून बघून शेवटी फक्त हालचालीचं वाजणं ठेवलं, आणि जाळीत गेट भरलं. आबांना गेटातून चालवलं. पेटला. ते थांबले, विझला. मी आत जाऊन मायचा हात धरून तिला बल्बाखाली आणून उभं केलं आणि आबांना पुन्हा चालवलं, चांगलं चार वेळा, आबा कंटाळेपर्यंत. तिनं साड्या परत कपाटात ठेवल्या. पण मग पडद्याजवळ येऊन ओट्यावर बोट ठेवलं. "आणि आठे?"

ते मी मुद्दाम सोडलं होतं. तिला खुणेनं सांगितलं, तिथे आता काय आहे? मांजर येऊन लोळतं, आणि तुला फुकट उठावं लागतं. ती म्हणाली, "माले ठाऊक शे मांजर ऱ्हास ते. मी बाहेर जास, दखस, परत येस." एवढं बोलून भाकरी थापायला गेली. इतकी वर्षं रोज, नाना. मी ओट्यावरचे चौकोन होते तसेच भरले, एक सुद्धा कमी नाही.

आता अक्काला धुळ्यात अंगण दिसतं आणि संक्रांत येऊन गेली, माय घरीच आहे. तुम्ही मला टीव्ही दुरुस्त करायला शिकवलं असं मी लोकांना सांगत होतो. माणसाची गरज त्याच्या आधी ओळखून ठेवायची हे तुम्ही करत होतात ते मला आत्ता कळलं. उपकार म्हटलं तर तुम्ही चिडाल, म्हणून म्हणत नाही. हे लिहिलेलं तुमच्या डब्यापाशी ठेवता येणार नाही, माय वाचेल. तुमच्याकडे पोचवणारं पोस्ट नाही. फाडीन बहुतेक.

फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा गेट उघडंच होतं, आणि माय मागच्या मोरीतून नुकतीच आत येत असावी, कारण मी गेटात शिरल्याचा बल्ब तिला दिसला नव्हता. मला काय सुचलं कोण जाणे, मी घरात न जाता ओट्यावर भिंतीच्या कडेला बसलो आणि तुमच्यासारखा हात वर केला. ती आली. मला पाहिलं, हसली, कधी उना म्हणून विचारलं, चहा टाकला. पण उंबऱ्यात येईपर्यंत, मी दिसायच्या आधी, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं, नाना. ते माझ्यासाठी नव्हतं. तिथे पुन्हा हात वर करायची माझी हिंमत नाही.