क्रिएटिनिन उतरलं!

२ जून २००३, सोमवार
डायलिसिस. सिस्टरने महिन्याचं रक्त मशीन लावायच्या आधीच काढून घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, ९.४. शुद्ध अन्याय. गाडी धुवायच्या आधी फोटो कोण काढतं?

५ जून, गुरुवार
मशीनवरून उतरलो तो थेट रिक्षाने बुधवार पेठेतल्या एका लॅबमध्ये. तिथल्या माणसाने विचारलं, उपाशी आहात का. म्हटलं, हो. त्याने पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ६
क्रिएटिनिन ३.६! पोटॅशियम नॉर्मल! किडन्या जाग्या होत आहेत. डॉक्टरांना एवढ्यात सांगणार नाही, त्यांना वाईट वाटेल.

७ जून, शनिवार
एक्सेलमध्ये ग्राफ काढला. प्रज्ञेश हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, बाबा, दोन बिंदूंचा ट्रेंड नसतो. आमच्या ऑफिसात एका बिंदूवर अहवाल जायचे. मुलाला अनुभव कमी.

८ जून, रविवार
बायको, चंद्रभागा, माझ्यासाठी भाजी दोनदा उकळून पाणी फेकते, पोटॅशियम जावं म्हणून. आज बंद करायला लावलं. शिवाय सांगितलं, बुधवारची तुझी डोनर तपासणी रद्द कर; आता तुझी किडनी घ्यायचा प्रश्नच मिटला. भाजीचं पातेलं उचलून आत गेली. पटलं असावं.
दुपारी वारज्याच्या नाक्यावर दोन शहाळी प्यालो. वर्षभराने. स्वर्ग.

९ जून, सोमवार
पायांत ताकद नाही. छातीत धडधड. पोटॅशियम ६.९. तातडीने ईसीजी, मग मशीन. डॉक्टर कल्याणीबाईंना ग्राफ दाखवला. त्या म्हणाल्या, काका, मशीनवरून उतरल्या उतरल्या रक्त दिलंत तर मार्क मशीनला मिळतात, तुम्हाला नाही. दोन दिवसांत सगळं पुन्हा चढतं. मग विचारलं, पोटॅशियम एवढं चढलंय, शहाळी किती? म्हटलं, एक.

१० जून, मंगळवार
ग्राफ डिलीट केला.
खरं म्हणजे, चंद्रभागेच्या पोटाला माझ्यापायी टाके पडतील याची मला भीती वाटते. फार वाटते. इथे लिहायला हरकत नाही.
रात्री जेवताना विचारलं, तपासणी रद्द झाली ना? म्हणाली, अहो, चौतीस वर्षांत तुमचं ऐकून मी काय रद्द केलंय?
उद्या सकाळी साडेसातला रिक्षा. उपाशी तिने राहायचंय. मी नुसतं सोबत जायचं आणि तिथे कुणाला काही समजावायचं नाही, असं ठरलंय. तिने ठरवलंय.