काउंटरच्या खुणा

दादा,

फरशी बदलताना गवंड्यानं काउंटरच्या जुन्या खुणा दाखवल्या. दुकानाच्या प्रत्येक मालकानं काउंटर दारापासून आणखी मागे नेलेलं. समोरच्या शिंपीकाकांना विचारलं. म्हणाले, "पहिला मालक दाराशीच बसायचा. इथल्या वळणावर ट्रकचा ताबा सुटला, तो थेट त्याच्या अंगावर. दुसरा जरा मागे बसायचा, तरी तशाच ट्रकखाली त्याचा पाय गेला. तुझा दादा तर पार मागच्या भिंतीला चिकटून बसायचा."

मग मला दुकान विकताना काउंटर दाराशी कुणी आणलं रे?

आता हॉर्न वाजला की मी उठून मागच्या भिंतीला टेकतो. काल काउंटर मागे ढकलायला गेलो, तर काउंटरमागे बसलेली आई खुर्चीवरून उठेना. म्हणाली, "राहू दे. दादानं विचार करूनच मांडलं असेल."

तिला खरं कसं सांगू?

तुझाच,
धाकटा