बाटलीहिरवं मखमली जाकीट

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं कोण ऐकतंय! शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी बासरी शिकायला घेतली आहे, त्यामुळे दुपारी घरात थांबायची सोय उरलेली नाही. कुठे जात असेन हे तुला वेगळं सांगायला नको. बंद पडलेल्या थिएटरातला आपला जुन्या कपड्यांचा बाजार अजून तसाच आहे. पडद्याच्या जागी कोटांची रांग, तिकीटखिडकीत पैसे घेताना सतत शिट्टी वाजवणारी आपली शिट्टीबाई, आणि तो आरसा, ज्यात बघितलं की माणूस वाळल्यासारखा दिसतो. मागच्या आठवड्यात तिथे मोहरीच्या रंगाचा चुण्यांचा स्कर्ट मिळाला. कमरेत ढगळ होता, तर मी त्याला एका पट्ट्यापट्ट्यांच्या टायचा बेल्ट केला. वर राखाडी स्वेटर, उलटा घातलेला, बटणं पाठीकडे. फार झ्याक दिसत होते गं. आणि दिसत होते म्हणून घरी येऊन पलंगावर बसले आणि मला अगदी चोरट्यासारखं वाटायला लागलं. ते का, ते सांगते, पण मला जरा कडेकडेनं यावं लागेल.

तू मला पहिल्यांदा तिथे नेलंस तेव्हा मी किती नाक मुरडलं होतं, आठवतं? सगळा जन्म नर्स म्हणून काढलेली बाई मी. कुणाच्या अंगावरचं, कुणाच्या घामाचं, काय रोग असतील, असं मी दारातच सुरू केलं. तू शांतपणे म्हणालीस, “आई, तुमच्या वॉर्डातल्या चादरींवर किती जण झोपून गेले, त्यांची यादी होती का तुमच्याकडे?” मग तू शिकवलंस. कपडा आधी उलटा करून शिवण बघायची, काखेत बघायचं, अस्तर चाचपायचं, उजेडात धरायचं, आणि सगळ्यात शेवटी रंग. फोटो स्टुडिओत काम करणारी तू, तुला रंग दुरूनच हाक मारायचे. मला तोवर पांढरा गणवेश आणि घरातला गाऊन याशिवाय काही ठाऊकच नव्हतं. मला काय आवडतं असं कुणी विचारलंच नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नव्हतं. तू माझ्या अंगात पुरुषाचा वेस्टकोट चढवलास, खाली तपकिरी घोळदार स्कर्ट, गळ्यात पिवळा रुमाल, आणि मला आरशापुढे ढकललंस. आरशातल्या बाईला मी आधी “सरका जरा” म्हणणार होते.

आणि आपला तो खेळ. खिशात हात घालायचा आणि आधीची मालकीण कोण ते ओळखायचं. पेपरमिंटचा कागद निघाला म्हणजे बाई गाणं शिकवणारी. सुकलेलं पान निघालं म्हणजे प्रेमात पडलेली. हसून हसून एकदा मी ट्रायल रूमचा पडदाच दांडीसकट खाली आणला होता. सासू आणि सून असं हसतात यावर शिट्टीबाईचा विश्वास बसायचा नाही. ती आपल्याला मैत्रिणीच समजायची.

चिरंजीवांचं आणि तुझं मोडलं, कागदांवर सह्या झाल्या, तेव्हाही तू मला सोडलं नाहीस. महिन्यातून एकदा बाजारात भेटायचं, चहा प्यायचा, त्याचा विषय काढायचा नाही, हा नियम तूच घातलास आणि तूच पाळलास. मी त्याची आई. दुसरी कुणी असती तर माझं तोंडही बघितलं नसतं.

आता खरं सांगते. त्याच्या आयुष्यात एक मुलगी आली आहे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मी तिच्याशी तुटक वागायचं ठरवलं होतं आणि चांगल्या तीन-चार भेटी तशी वागलेही. चहा द्यायचा, हवापाण्याचं बोलायचं, आत निघून जायचं. तीही बिचारी घडीच्या खुणा न मोडलेल्या नव्याकोऱ्या कपड्यांत टेकून बसायची. एका शनिवारी चिरंजीवांना यायला उशीर झाला. मी आतल्या खोलीत तोंडात टाचण्या धरून एक ढगळ स्कर्ट आवळत होते. ती दारात येऊन उभी राहिली. “मी धरू का दुसरी बाजू?” म्हणाली. धरली. नीट धरली. मग “हे असं कुठे मिळतं?” आणि मग “मला न्याल का?”

नाही म्हणता आलं असतं. पण नेलं.

सुरुवातीला तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. चमचम दिसली की हात तिकडे. मी तिला शिवण बघायला शिकवली, काख बघायला शिकवली, तू शिकवलंस त्याच शब्दांत. एका रेनकोटाच्या खिशात तिला आगगाडीचं अर्धं तिकीट सापडलं, तर मी आपणहून म्हटलं, ओळख बघू कुणाचा. ती म्हणाली, “उतरायचं स्टेशन झोपेत गेलं असेल अशा बाईचा.” आणि मी हसले, चिमणे. पोट धरून हसले. आपला खेळ मी तिच्याशी खेळले आणि त्या वेळी मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही. पैसे देताना शिट्टीबाईनं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, सून. “आणि ती आधीची?” मी म्हटलं, ती परगावी गेली. तू दोन बस-स्टॉप पलीकडे राहतेस. इतक्या सहज खोटं मी पेशंटच्या नातेवाइकांशीही कधी बोलले नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पुढच्या महिन्यात दोघं नोंदणी पद्धतीनं लग्न करताहेत. काय घालू, तुम्हीच ठरवा, म्हणून ती माझ्याकडे आली. आम्ही माझं सगळं कपाट पलंगावर ओतलं. क्रीम रंगाचा लांब झगा ठरला, पण वर काही हवं होतं, खांदे उघडे पडत होते. माझा हात आपोआप मागच्या हँगरकडे गेला आणि मी तुझं बाटलीहिरवं मखमली जाकीट तिच्या खांद्यांवर ठेवलं. तुझी खोली लहान म्हणून माझ्याकडे ठेवलेलं, ज्याचं अस्तर तू खिडकीत बसून बदललं होतंस. काय दिसली ती! मी बाह्या दुमडल्या, कॉलर उभी केली, चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि मग कळलं मी काय केलं ते.

तिनं विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं, हे कुणाचं आहे ते. रागावेल, रडेल असं वाटलं. तिनं जाकीट हळूच उतरवलं, बाह्या आत घेऊन घडी घातली, आणि म्हणाली, “तुम्ही त्यांना सांगितलंय का माझ्याबद्दल?” मी नकारार्थी मान हलवली. “मग आधी ते सांगा. मी माझं दुसरं काहीतरी बघते.” आणि मला ती त्या क्षणी मनापासून आवडली. हेच तर मला सहन होत नाही. ती वाईट असती तर मला तुझ्यापुढे ताठ मानेनं येता आलं असतं.

काल शिट्टीबाईकडे जाऊन खरं काय ते सांगून आले. तिनं शिट्टी थांबवली. आणि हे पत्र ज्या पार्सलात आहे त्यात तुझं जाकीट आहे. तिला घालू देशील का, असं मी विचारत नाहीये, आणि तूही उदार मनानं परत पाठवू नकोस. ते तुझं आहे. तुला हे सगळं भेटून किंवा फोनवर सांगायला हवं होतं, पण तू लगेच “असू दे हो आई” म्हणाली असतीस आणि मी सुटले असते. मला तसं सुटायचं नाहीये. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहिलं. मला सून आवडली आहे, चिमणे. हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. रागव. हवं तितके दिवस रागव, बाजारात दिसलीस तर मी दुसऱ्या रांगेत जाईन.

तुझीच, आणि हे म्हणायचा हक्क आता तुझ्या हातात देऊन,

आई