चाळिसावी पायरी

देवास, मंगळवार संध्याकाळ

टेकडी चढताना चाळिसाव्या पायरीशी छाती आवळते. दोन मिनिटं थांबलं की सुटते, मग वरपर्यंत काही होत नाही. इतकी वर्षं वाटायचं, इंजिन तापलं, आता सुरळीत पळणार. आज डॉक्टरांना तेच ऐटीत सांगितलं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "भिया, रक्त थोडं कमी पडलं की हृदय पुढच्या वेळेसाठी स्वतःला सावरून घेतं. पण वयाबरोबर ही सोय ढिली पडते. अब उसके भरोसे मत रहो." तपासण्या होईपर्यंत सपाटीवरच, सावकाश चालायचं. म्हणजे उद्यापासून तलावाची पाळ. चालणं सुटलं नाही, हेच पुष्कळ.

पण सुमनला सांगायचं कसं? चाळिसाव्या पायरीशी मी रोज तिच्या गुडघ्याचं निमित्त करून थांबायचो. बायकोपाशी ही लबाडी कशाला केली असेल मी?

शेवटी सगळं सांगून टाकलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा गुडघा कधी दुखलाच नाही. त्या पायरीशी तुमचा चेहरा उतरायचा, म्हणून दुखतो म्हणायचे."