दुसऱ्याच दिवशी उपसलेला कसावा

सोमोए, बाळ,

चुलीवरची कसाव्याच्या पिठाची उगाली खाऊ नकोस. कोंबड्यांनाही घालू नकोस. कडू कसाव्याचे कंद चार दिवस पाण्यात भिजल्याविना त्यांतले विष उतरत नाही, असे तू आरोग्यपुस्तिकेतून वाचून दाखवलेस, तेव्हा "आता सुनेनं सासूला रांधायला शिकवायचं का गं?" म्हणून मी तुला सर्वांदेखत हिणवले. घरात पीठ संपले, म्हणून मी कसावा दुसऱ्याच दिवशी उपसला.

ती उगाली खाऊन तुझ्या झैनाबूला उलट्या होत आहेत. पोर उभी राहू शकत नाही. शेजारच्या मकामेच्या सायकलवरून तिला दवाखान्यात नेते आहे. पुस्तिका सोबत घेतली आहे. ते पान डॉक्टरांपुढे उघडून माझा दोष सांगेन. तू तडक ये.

उरलेला कसावा पुन्हा पाण्यात घातला आहे. त्याचे दिवस आता तू मोज.

तुझी सासू