उलट्या हाताची खात्री

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल, निदान पत्रात तरी. फोन केला असता, पण माझा फोन पाण्यात पडून वारला आणि धंद्याचा फोन केबिनमध्ये टोकनं विकणाऱ्या बाबांच्या ताब्यात असतो. त्यांच्यासमोर मला घाबरलेलं दिसायचं नाही.

अखेर गाड्या वाळवायचा ब्लोअर घेतोय. आपल्याकडे गिऱ्हाईक टोकन टाकतं, स्वतःच पाइप धरून गाडी धुतं आणि मग फडकी घेऊन निवांत पुसत बसतं. मागचे हॉर्न वाजवून कान किटवतात. दोन नेहमीची गिऱ्हाइकं याला कंटाळून गेलीसुद्धा. ब्लोअर कसाबसा परवडला, पण बसवणं परवडेना. नवी लाइन ओढा, सगळी फरशी फोडून केबल पुरा, वेगळं अर्थिंग करा, असं वायरमन सांगतो. म्हणजे ब्लोअरइतकाच पुन्हा खर्च, वर दोन आठवडे गेट बंद. बँकेचा हप्ता काही गेट बघून थांबत नाही.

बाबांनी तोड काढलीय. पंपाच्या जुन्या लाइनवरच ब्लोअर जोडायचा, मग शॉक बसतो का ते स्वतः हात लावून बघतील. त्यांनी जन्मभर वायरमनकी केलीय, तेव्हा मी हो म्हणालो. तरी झोप लागत नाही. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझा,
खटपट्या

ता. ८ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि भीतीही वाटली. ओली फरशी, अनोळखी माणसं आणि वीज! माझं ऐकशील तर फरशी फोड. पण तू कधी माझं ऐकलंयस?

निदान एक कर. आपल्या घरात फ्रिज असो की इस्त्री, बाबांनी उलटा हात लावल्याशिवाय कोणी शिवायचं नाही, हा नियम होता. झटका बसला तर हात चिकटत नाही, आपोआप मागे येतो, असं ते दर वेळी समजावायचे आणि आपण माना डोलवायचो. माझा फ्रिज तर त्यांचा हात लागेपर्यंत दोन दिवस नव्या नवरीसारखा गुंडाळून ठेवला होता, आठवतं? बाबांच्या हाताखालून गेल्याशिवाय ब्लोअर चालू करू नकोस. मग मी निर्धास्त.

माझा जीव तुमच्यात अडकलेला आहे, हे विसरू नका.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ब्लोअर बसला. लोखंडी खांब, त्यावर जाडजूड पाइप, आवाज असा की शेजारचं कुत्रं गल्ली सोडून गेलं. बाबांनी उलटा हात लावला, सावकाश लावून ठेवला आणि मान हलवली. रोज सकाळी लावतात.

पण परवा एका बाईंनी चपला भिजू नयेत म्हणून काढून ठेवल्या आणि खांबाला धरलं. त्या किंचाळल्याच. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या म्हणाल्या. बाबा केबिनमधून आले, त्यांनी हात लावला, काही नाही म्हणाले, गार पाण्याने होतं असं. आज एका टॅक्सीवाल्याने तेच सांगितलं. बाबा चिडले. मी स्वतः धरून पाहिलं, पण माझ्या पायात गमबूट. ते काढायची छाती होत नाही.

ताई, बाबांच्या हाताने आजवर दगा दिलेला नाही. मग मला भीती का वाटते? टोकन पडल्याचा आवाज आला की आधी गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघतो. मी दिवसभर मेन स्विचपाशी उभा असतो.

तुझा घाबरट भाऊ

ता. २३ मार्च

खटपट्या,

खुशाली वगैरे नंतर. वाचत असशील तिथूनच उठ आणि मेन स्विच पाड.

बाबा मागे माझ्याकडे राहायला आले होते ना, तेव्हा उतू चाललेलं दुधाचं पातेलं त्यांनी फडक्याशिवाय उचललं. शांतपणे ओट्यावर ठेवलं. मी हसून म्हटलं होतं, वायरमनचे हात म्हणजे चामडंच. अरे, बाबांच्या पायांना आलेली बधिरता मधुमेहामुळे आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातही गेलेत त्यांचे! त्यांना काही जाणवत नाही, म्हणून ते काही नाही म्हणतात.

मी फोन केला होता. बाबांनीच उचलला. ब्लोअर बंद ठेवा म्हटलं, तर म्हणाले, मी रोज तपासतो, काळजी करू नकोस. त्यांचा हात मेलाय हे मला त्यांना सांगवेना. म्हणून हे पत्र ओळखीच्या बस ड्रायव्हरबरोबर धाडतेय. रागावून का होईना, पण त्यांना त्या खांबापासून दूर ठेव.

ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे, की सगळे जिवंत आहोत.

पत्र हातात पडताच मेन पाडला. बाबांनी विचारलं, माझ्या हातावर विश्वास नाही का? मी पत्र खिशात घातलं आणि वायरमनला बोलवायला गेलो. दुसऱ्या दिवशी तोच वायरमन आला. तपासायला म्हणून त्याने क्षणभर लाइन चालू केली आणि खांबाला टेस्टर लावला. दिवा पेटला.

बाबा पाहत होते. आम्ही अडवायच्या आत ते पुढे झाले आणि त्यांनी उलटा हात खांबाला टेकवला. दिवा पेटलेला, बाबांचा हात खांबावर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मी ओरडलो आणि वायरमनने लाइन पाडली. बाबा कितीतरी वेळ आपल्याच हाताकडे बघत उभे होते. ताई, इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

मग तेच म्हणाले, फरशी फोडा. गेट बंद आहे, अंगणात खडीचे ढीग आहेत, बँकेत जाऊन हातापाया पडून आलोय. खर्च ब्लोअरच्या वर गेला, जाऊ दे. त्या बाईंचा पत्ता शोधतोय, माफी मागायचीय.

तुझं पत्र बाबांनी मागून घेऊन वाचलं. खाली दोन ओळी त्यांना लिहायच्या आहेत म्हणे. जमलं तर लवकर ये. आम्हाला तू हवी आहेस.

तुझा,
खटपट्या

चि. ताईस आशीर्वाद. ते दुधाचं पातेलं खरंच तापलेलं होतं का गं? मला आपलं कोमट वाटलं होतं.
— बाबा